तेलाची पावती

गाडीला अजून नवेपणाचा वास येतो,
काजळीखाली नाक खुपसून शोधला तर.
चौदा महिने. एकोणीस हजार मैल.
मंगळवारपासून डॅशबोर्डवर पिवळा पाना उगवलाय
आणि हप्ते उरलेत चौतीस.

शोरूममधला पोरगा फोनवर म्हणाला,
"सर्व्हिस आमच्याकडेच केलेली बरी, वॉरंटीच्या दृष्टीने."
बरी म्हणाला. लागते, असं नाही म्हणाला.
दोन दिवस मी तो शब्द जिभेवर घोळवत होतो
लोकांच्या धुराड्यांत मान घालून.
न्यूकॅसल म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी मैल,
दिवसाची खोटी, हातच्या पाच चिमण्या उडाल्या,
वर त्यांची ती पेल्यातली कॉफी.

म्हणून हेस्टर डॉडच्या शेडमध्ये आलो,
ॲलनडेलच्या उतारावर, मेंढ्यांच्या कुंपणाला लागून.
तिने बॉनेट उघडलंच नाही आधी.
म्हणाली, पुस्तक काढ.
कोणतं?
गाडीबरोबर आलेलं. तू न वाचलेलं.

पान एकशे बारा. तेलाचा ग्रेड,
त्याखाली कंपनीचा बारीक अक्षरांतला सांकेतिक आकडा.
बोटाने तो आकडा धरून ठेवत तिने डबा फिरवला,
डब्यावरचा आकडा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला,
शाळेत पाढे म्हणवून घेतात तसा.
फिल्टर कंपनीचाच. खोकं फेकायचं नाही.

बाबांच्या गाडीत हाताला येईल ते तेल पडायचं.
मागचं दार सुतळीने बांधलेलं,
बावीस वर्षं चालली. कुणी काही विचारलं नाही.

जुनं तेल खाली उतरलं,
माझ्याच धंद्याच्या रंगाचं.
हेस्टर बिल लिहायला बसली:
तारीख, मैल, किती लिटर, कुठल्या ग्रेडचं,
फिल्टरचा नंबर, हवेच्या जाळीचा नंबर,
ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर, एक.
"वॉशरसुद्धा?"
"वॉशरसुद्धा. उद्या टर्बो गेला
तर ते आधी कागद उघडतील, मग इंजिन."

मी गप्प झालो.

मलाही असाच एक कागद द्यायचा असतो, दर घरी.
चिमणी झाडली, अमुक तारखेला, धूर नीट ओढते,
खाली सही. विमेवाले तोच मागतात.
मिसेस टीझडेल हसायची त्याला.
कागद राहू दे रे, चहा घे.
त्या ऑक्टोबरात मला घाई होती.
तिच्या चिमणीतून मी कावळ्यांचं अख्खं घरटं काढलं होतं,
काटक्या, लोकर, कुणाची तरी चमकती किल्ली.
जानेवारीत तुळईने पेट घेतला.
कारण वेगळंच होतं, जुनी भेग होती विटांत,
पण कागद नव्हता.
मी झाडली होती. माझ्या ब्रशाला ठाऊक,
माझ्या थुंकीला ठाऊक.
मागची तारीख घालून दे, असं ती म्हणाली नाही.
मीही म्हणालो नाही, देतो.
अजून ती रस्त्यात भेटली की हात करते,
पण कोपरापासून नाही,
नुसत्या बोटांनी.

हेस्टरने तिचा रबरी शिक्का काढला.
कंपनीचा नाही, तिचा स्वतःचा,
"डॉड" मधला मधला ड अर्धा झिजलेला.
सर्व्हिसच्या रकान्यात दाबला, फुंकर घातली.
हा चालेल?
का नाही चालणार? काम बरोबर, सामान बरोबर,
आणि लिहिलंय.
पिवळा पाना मावळला.
बिल पुस्तकात, पुस्तक कप्प्यात,
कप्प्यात ठेवण्याआधी दोन फोटो.

पैसे मोजताना वर पाहिलं.
शेडला लागून तिचं घर, छपरावर चिमणी,
टोकाशी काटक्यांचा झुपका.
ही कधी झाडली होती शेवटची?
आठवत ती उभी राहिली, हात पुसत.
"बाबा होते तेव्हा."

मी मागचं दार उघडलं.
ब्रश, काठ्या, चादरी
सगळं जागच्या जागी होतं.
आधी पावतीपुस्तक काढलं.